मखमलीखालचा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. आता जुना झालो असं मी म्हणणार नाही, कारण मानवतच्या शाळेत आलो तेव्हाच मी जुना होतो. त्याआधी पुण्यातल्या एका शाळेतल्या मुलांनी माझ्यावर वर्षानुवर्षं बोटं चालवली होती. पुढे त्या शाळेत माझ्यापेक्षा हुशार यंत्रं आली आणि आम्हा तीन भावंडांची रवानगी जिन्याखाली झाली. ही बातमी मानवतच्या शाळेचे मुख्याध्यापक बन्सीधरराव यांच्या कानावर गेली. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. ते स्वतः पुण्याला आले, हात जोडून आम्हाला मागून घेतलं आणि वाकळांत गुंडाळून एसटीच्या टपावर चढवलं. ही १९९० सालची गोष्ट.

त्या प्रवासात हाडं खिळखिळी होणं म्हणजे काय ते मला कळलं. थोरला भाऊ वाटेतच गेला. धाकटा आठवडाभर धुगधुगला, मग त्याच्या पोटातले चांगले भाग काढून माझ्या पोटात बसवले. उरलो मी एकटा, आणि माझ्यासमोर चाळीस मुलं.

तुम्ही आजचे संगणक पाहिले असतील तर मला बघून हसाल. माझं शरीर आणि कळा एकाच डब्यात. पडदा म्हणून शाळेचा जुना टीव्ही. चित्र नाही, मराठी अक्षर नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे. मी पक्का सांगकाम्या. मुलांनी ओळीमागून ओळ हुकूम लिहायचे, प्रत्येक ओळीला दहा, वीस, तीस असे नंबर द्यायचे, म्हणजे मध्ये काही राहिलं तर घालायला जागा उरते. एक ओळ लिहून झाली की उजवीकडची लांबट कळ दाबायची. ती दाबेपर्यंत लिहिलेलं पडद्यावर दिसतं, पण माझ्या पोटात जात नाही. ही कळ लक्षात ठेवा, कारण सगळा घात तिथंच झाला.

आणखी एक माझं दुखणं. लाईट गेली की मी सगळं विसरतो, आणि मानवतमध्ये लाईट जायला कारण लागत नव्हतं. लिहिलेलं साठवून ठेवायला एक टेपरेकॉर्डर जोडला होता. कॅसेट होती गणिताच्या नागनाथ सरांच्या लग्नातली. त्यामुळे प्रोग्राम हवा असला की आधी बँडबाजा ऐकावा लागे, आणि त्यानंतर निम्म्या वेळा नुसती चिरचिर निघे.

तरीही माझा थाट काय वर्णावा! वासरांत लंगडी गाय शहाणी, तशी माझी गत होती. मोठ्या सरांच्या पत्नी चतुराबाई यांनी माझ्यासाठी लाल मखमलीचं झाकण शिवलं, त्याला सोनेरी गोटा लावला. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं. हंगामात तिथून रुईचे बारीक तंतू उडत येत, म्हणून खिडकीला दुहेरी जाळी बसवली. मुलांनी चपला बाहेर काढायच्या, हात धुवायचे, पुसायचे, मग आत यायचं. झरीहून, वालूरहून कोणी पाहुणे आले की मोठे सर त्यांना जेवायच्या आधी मला दाखवायला आणत. एकदा त्यांची एक म्हातारी आत्या आली होती, दगडाबाई नावाची. तिनं मला चहूबाजूंनी न्याहाळलं आणि विचारलं, "ह्ये बोलतं का रे?"

"नाही आत्या. पण सांगितलेलं सगळं करतं."

"सांगितलेलं तर बैल बी करतंय," म्हातारी म्हणाली. "दुखलं-खुपलं सांगाया तरी तोंड पायजे."

सगळे हसले. मला ते तेव्हा लागलं नव्हतं. पुढे फार लागलं.

माझ्यावर मुलांना शिकवायला ठेवले होते ते हेच नागनाथ सर. माणूस सज्जन, मुलांवर जीव, पण मोठ्या सरांसमोर त्यांचा आवाज घशातच राही. त्यांनी चाळीस मुलांच्या टोळ्या केल्या. एका टोळीनं बाकावर बसायचं. बाकावरच्या मधल्यानं कळा दाबायच्या, बाजूच्यांनी बघायचं, आणि मुलींनी मागं उभं राहायचं. मुलींनी मागं उभं राहावं असा नियम कोणी केला नव्हता. बाक लहान होता, मुलं धावत येऊन आधी बसत, मुली चपला नीट लावून येत, एवढंच.

मधल्या जागेवर बहुतेक वेळा भुजंग असे. त्याच्या वडिलांचं मोंढ्याच्या बाजारात आडत दुकान होतं. पोरगा मोकळ्या मनाचा, हाताचा धसमुसळा. कळा दाबायचा म्हणजे ढोल वाजवल्यासारखा. आणि त्याच्या बरोब्बर मागं उभी राही कमल. अकरावीत होती. भीमनगरात राहायची. वडील लिंबाजी मागच्या जिनिंगवर हमाल होते, आई गीताबाई तिथंच कापूस निवडायला जायची.

कमलची ओळख मला कशी झाली ते सांगतो. एकदा भुजंगनं भलामोठा प्रोग्राम लिहीत आणला होता. उलटसुलट आकडे द्यायचे आणि मी ते लहानापासून मोठ्यापर्यंत लावून दाखवायचे, असा तो होता. शेवटच्या दोन-तीन ओळी उरल्या आणि लाईट गेली. परत आली तेव्हा माझी पाटी कोरी.

"गेलं समदं," भुजंगनं कपाळाला हात लावला.

मागून आवाज आला, "कुटं गेलं? माझ्याजवळ हाय. तू मार, मी सांगते."

आणि तिनं पहिल्या ओळीपासून सांगायला सुरुवात केली. नंबर, अक्षर, कंस, स्वल्पविराम. भुजंगची बोटं मागं पडत होती, ती थांबत होती, पुन्हा पुढं जात होती. शेवटची ओळ झाली, मी कामाला लागलो आणि सगळे आकडे ओळीनं उभे केले. कुठंही अडखळलो नाही.

नागनाथ सर मागं वळून बघत राहिले. "वहीत लिहून घेतलं होतंस का गं?"

"न्हाई सर. ध्यानात ऱ्हातंय माझ्या."

मित्रांनो, ज्याला घडोघडी सगळं विसरायचा शाप आहे, त्याला असं माणूस भेटलं की काय वाटतं ते कसं सांगू? मला तिचा आधार वाटायला लागला. लाईट गेली तरी आता भीती नव्हती.

पण त्या दिवसापासून एक पद्धतच पडून गेली. कमल सांगायची आणि भुजंग मारायचा. बोटं त्याची, डोकं तिचं. सगळ्यांचं काम लवकर होई, सगळे खूश असत. भुजंग कोणापासून लपवायचा नाही. कोणी शाबासकी दिली की तो अंगठ्यानं मागं दाखवी, "कमल सांगायलीय, मी नुसता मारायलोय." लोकांना ते नम्रतेचं बोलणं वाटे आणि त्याला आणखी एक शाबासकी मिळे. कमलची स्वतःची पाळी कधी, हे कोणी विचारलं नाही. तिनंही नाही.

शेवटी नागनाथ सरांनीच तिला मधल्या सुट्टीत थोडा थोडा वेळ बसू द्यायला सुरुवात केली. सगळे डबे खायला गेले की ती यायची. एवढ्या हलक्या हाताचं मूल मी तोवर पाहिलं नव्हतं. कळीवर बोट ठेवायची ते झोपलेल्या तान्ह्याच्या गालावर ठेवावं तसं. मला ते फार बरं वाटायचं. भुजंगच्या माराला मी कंटाळलेलो होतो ना!

एक दिवस ती आईला घेऊन आली. गीताबाईच्या केसांत, पदरावर रुईचे तंतू अडकलेले होते. ती उंबऱ्याशी थांबली.

"या की आत, मावशी," शाळेचे शिपाई सिताराम म्हणाले.

"नगं दादा, पायाला माती हाय. हितूनच बघते."

आईचं नाव पुन्हा पुन्हा लिहायचा हुकूम कमलनं मला इंग्रजीत दिला आणि लांबट कळ दाबली. सगळा पडदा त्या नावानं भरून गेला, वरपासून खालपर्यंत.

"हे बघ माय, तुझं नाव. समदीकडं तूच."

गीताबाईला वाचता येत नव्हतं. ती पडद्याकडं बघत होती, पण तिचं खरं लक्ष लेकीच्या हाताकडं होतं. "हळू, बाई. शाळेची वस्तू हाय. दुसऱ्या पोराच्या हातनं मोडली तर पोरानं मोडली म्हणतेत. तुझ्या हातनं मोडली तर आपल्या समद्या वस्तीचं नाव घेतेत. बोट दाखवाया निमित्त देऊ नगंस."

ती गेल्यावर सिताराम नागनाथ सरांना सांगत होते, ते मी ऐकलं. कमल दोन वर्षांची असताना मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि त्यावरून गावोगावी दंगली झाल्या. या लोकांचं घर त्यांच्या गावात जाळलं. लिंबाजीनं लेकीला खांद्यावर घेतलं आणि कापसाच्या गाडीवर बसून मानवत गाठलं, ते पुन्हा गावाकडं तोंड केलं नाही. पंधरा वर्षं झाली तरी विद्यापीठाला नाव मिळालेलं नव्हतं आणि गीताबाईच्या मनातली भीतीही गेली नव्हती. मी यंत्र. मला जाळपोळ कळत नाही. पण त्या हलक्या हातामागं काय होतं ते मला त्या दिवशी समजलं.

त्याच सुमारास एक चांगली बातमी आली. परभणीच्या एका संस्थेच्या कार्यालयात नवे संगणक येणार होते. ते चालवायला शिकाऊ मुलं हवी होती. आमच्या वर्गाची डिसेंबरात परीक्षा होती, बाहेरचे परीक्षक येणार होते. त्या परीक्षेत जी दोन मुलं वर येतील, त्यांना ते थेट घेणार होते. कमलचा मामा परभणीतच राही. त्याच्याकडं राहून काम करायचं आणि पुढचं कॉलेजही करायचं, असं तिनं मनाशी धरलं. लिंबाजीला जिनिंगच्या धुळीनं खोकला लागलेला होता, घरात आणखी दोन हात कामाला हवेच होते. त्यानं लेकीला सरळ सांगितलं, "ह्यात निघालीस तर जा. न्हाई निघालीस तर संक्रांतीपासनं मायसंगं जिनिंगवर यायचं. मला आता कापसाचे बोरे उचलंना झालेत." बापाचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण म्हणजे कमलचं सगळं पुढचं आयुष्य माझ्या कळांवर येऊन ठेपलं होतं.

आता दसऱ्याकडं येतो. त्या वर्षी, म्हणजे १९९३ साली, किल्लारीचा भूकंप झाला. पहाटे आमच्याकडंही जमीन हलली. माझ्या खोलीतल्या कपाटावरची एक काचेची बरणी पडून फुटली, पण मी जागचा हललो नाही. मोठ्या सरांना तो देवाचाच कौल वाटला. खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारांची, अवजारांची पूजा करतात हे तुम्हाला माहीत आहे. नांगर, करवत, शिवणयंत्र, तराजू, ज्याच्या जिवावर पोट भरतं त्याला त्या दिवशी हात लावायचा नाही, नमस्कार करायचा. दरवर्षी माझ्यापुढं एक उदबत्ती लागे. त्या वर्षी मोठ्या सरांनी थाटात पूजा मांडली. झेंडूची माळ घातली. कळांवर हळदीकुंकू वाहिलं. माझ्यापुढं नारळ फोडला, त्याचं पाणी माझ्यावर उडालं, वर खडीसाखरेचा नैवेद्य कळांवरच ठेवला. मग तांब्यातलं पाणी झेंडूच्या फुलानं माझ्यावर चांगलं शिंपडलं.

नागनाथ सर हळूच म्हणाले, "सर, पाणी..."

"गंगेचं आहे, नागनाथराव," मोठे सर म्हणाले. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. "गंगेच्या पाण्यानं कधी कोणाचं वाईट झालंय का?"

नारळाचं पाणी, कुंकू आणि विरघळलेली साखर मिळून माझ्या उजव्या अंगानं आत उतरली. मोठ्या सरांनी डोळे मिटून मला हात जोडले. त्यांच्या मनात माझ्याविषयी मायाच होती. ती माया माझ्या लांबट कळीखाली वाळून घट्ट बसली.

दिवाळीनंतर वर्ग सुरू झाले तेव्हा ती कळ काही केल्या ऐकेना. बोटानं दाबली तर ढिम्म. कधी चौथ्या-पाचव्या खेपेला लागे, कधी नाही. मुलांनी तिचं नाव ठेवलं बहिरी. भुजंगनं दोन दिवसांत उपाय शोधला. मूठ वळायची आणि करंगळीच्या बाजूनं हाणायची, की बहिरी एका फटक्यात ऐके. मग सगळी पोरं तसंच करायला लागली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तसा मी निमूट मार खात होतो. पण खरं सांगतो, त्या बुक्क्यांवरच माझा संसार चालला होता. बुक्की बसली की ओळ पोटात जाई.

हे मोठ्या सरांना कोणी सांगितलं नाही. पूजा त्यांच्या हातची, मग त्यांच्यासमोर बोलणार कोण? नागनाथ सर म्हणाले, "परीक्षा होऊ द्या, मग बघू." कमलची मधली सुट्टीही बंद झाली, कारण परीक्षेपर्यंत यंत्राला जादा ताण नको असा मोठ्या सरांचा हुकूम आला. वर्गात ती पहिल्यासारखी मागं उभी राहून सांगत राहिली. बहिरीला बुक्की मारावी लागते हे ती रोज बघत होती. स्वतः मात्र तिनं एकदाही मारली नव्हती.

परीक्षेचा दिवस आला. परीक्षक शांत गृहस्थ होते. यंत्र एकच, म्हणून एकेकानं आत यायचं, बाकीच्यांनी व्हरांड्यात थांबायचं असं ठरलं. काम तेच दिलं, आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचं. नावं पुकारताना आधी मुलं आणि मग मुली. सकाळी मोठे सर परीक्षकांच्या जेवणाच्या तयारीत होते. त्यामुळं मुलांनी मला मनसोक्त बडवलं आणि कोणी काही म्हणालं नाही. भुजंगचा प्रोग्राम पहिल्या झटक्यात चालला.

जेवणं झाल्यावर मोठे सर येऊन खुर्चीवर बसले, आणि मुलींची पाळी सुरू झाली. पहिल्या दोघी रडकुंडीला येऊन गेल्या. मग कमल आली. हात धुतलेले होते, अजून ओले दिसत होते म्हणून तिनं ते ओढणीला पुन्हा पुसले.

तिनं दहा नंबरची ओळ लिहिली. एक अक्षर चुकलं नाही. मग बहिरीवर बोट ठेवलं आणि दाबलं. मला कळलंच नाही. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा. कशीबशी ती ओळ आत आली. वीस नंबरची ओळ मात्र आत न येताच तिला आल्यासारखी वाटली, तिनं तीस नंबर पुढं लिहायला घेतला, दोन ओळी एकमेकींत अडकल्या आणि माझ्यावर वेळ आली ती पडद्यावर 'चूक' असं इंग्रजीत लिहायची. मी ते लिहिलं. मला तेवढंच येतं. चूक तुझी नाही, माझ्या कळीत साखर अडकलीय, हे लिहायची सोय मला घडवणाऱ्यानं ठेवली नव्हती.

तिनं ती ओळ पुसली, परत लिहिली. बहिरी ऐकेना. तिनं एकदा मोठ्या सरांकडं पाहिलं, एकदा आपल्या हाताकडं. मग तिनं मूठ वळली आणि हाणली. मित्रांनो, ती ओळ अशी लख्खकन आत आली! मला वाटलं, आता सुटलो. आता मार, कमल, आणखी मार, एकेका ओळीला एकेक बुक्की, बाकीचं मी करतो.

"अगं हळू!" मोठे सर खुर्चीतून अर्धवट उठले. "मोडायचंय का ते? कोणाची वस्तू आहे, काही कळतं का?"

कमलनं हात असा मागं घेतला की जणू चटका बसला. तो मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

खिडकीच्या जाळीतून भुजंगचा आवाज आला, "सर, ती कळ मारल्याबिगर चालतच न्हाई. आमी समदे मारतोत."

"बाहेरून कोणी बोलायचं नाही," परीक्षक म्हणाले, आणि उठून त्यांनी खिडकी लावून घेतली. मग कमलला म्हणाले, "घाबरू नको, बाळ. कर तू."

नागनाथ सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. मोठ्या सरांकडं पाहिलं आणि मिटून घेतलं. त्या खोलीत खरं काय ते जाणणारे आम्ही तिघं होतो. मला तोंड नव्हतं. कमलला ते उघडायची भीती होती. पण नागनाथ सरांना तर होतं ना!

त्यानंतर कमल शेवटपर्यंत बोटाच्या टोकानंच दाबत राहिली. ओळी अडकत राहिल्या. मी 'चूक', 'चूक' लिहीत राहिलो. ती जे लिहीत होती ते सगळं बरोबर होतं. वेळ संपली तेव्हा निम्मा प्रोग्रामसुद्धा आत आलेला नव्हता. तिनं उठताना बाक आवाज न करता मागं सारला.

निकाल लागला. परभणीच्या दोन जागांपैकी एक भुजंगला मिळाली, दुसरी दुसऱ्या एका मुलाला. भुजंग मोठ्या सरांकडं गेला, सगळं सांगितलं, म्हणाला, माझ्या जागी कमलला घ्या. मोठ्या सरांनी परभणीला विचारूनही पाहिलं. तिकडून उत्तर आलं, परीक्षेत जे पास झाले त्यांनाच घेता येईल. त्यांचंही खरंच होतं म्हणा. कमल आपली वह्या-पुस्तकं न्यायला आली तेव्हा भुजंग माझ्याच खोलीत खाली मान घालून उभा होता. तीच त्याला म्हणाली, "जा तू. फकस्त वळींच्या मदी जागा सोडत जा. तू लय दाटीनं लिवतूस." एवढंच बोलून ती गेली.

आता तुम्हाला वाटेल, कळ बिघडल्याचं उघड झालं, म्हणजे मोठ्या सरांचे डोळे उघडले असतील. उघडले, पण भलतीकडं. ते म्हणाले, "बघा, पोरांनी आदळआपट करून यंत्राची वाट लावली. उगाच सगळ्यांच्या हाती दिलं मी." नारळाच्या पाण्याचं त्यांना तेव्हाही कोणी सांगितलं नाही. त्यांनी माझा वर्ग बंद केला, मखमल नीट चारी बाजूंनी खोचली आणि खोलीला कुलूप लावलं. मला जपण्यासाठी.

संक्रांतीला विद्यापीठाचं नामांतर झालं. चौकात पोलिसांची गाडी उभी होती आणि भीमनगरात पेढे वाटत होते, असं सिताराम सांगत होते. त्यानंतर काही दिवसांनी कमल शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. सिताराम माझी खोली झाडत होते. ती व्हरांड्यात थांबली. तिच्या केसांत आता रुईचे तंतू होते.

"पेढा घ्या मामा," ती म्हणाली. "आमच्या बापानं दिलेत. पंधरा वर्सं थांबला होता ह्या पेढ्यासाठी."

सितारामांनी पेढा घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला. मग म्हणाले, "ये की आत. कुणी न्हाई आज."

"लाईट हाय का?"

"सकाळधरनं न्हाई."

ती तरीही आली. तिनं मखमल उचलून बाजूला ठेवली, बाकावर मधोमध बसली आणि लिहायला लागली. दहा, वीस, तीस. एकेक अक्षर, एकेक कंस. ओळ संपली की मूठ वळायची आणि बहिरीवर हाणायची. खाडकन. दुसरी ओळ, खाडकन. आख्खा प्रोग्राम तिनं लिहिला, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि प्रत्येक ओळीला अशी बुक्की हाणली की टेबल हलत होतं. सिताराम झाडू धरून उभे होते.

वीज नव्हती. माझा पडदा काळा होता. तिचं एक अक्षर मी घेऊ शकलो नाही, एक आकडा लावून दाखवू शकलो नाही. ती लिहून झाल्यावर क्षणभर पडद्याकडं बघत बसली. मग तिनं मखमल पुन्हा होती तशी घातली, कोपरे खोचले आणि जिनिंगवर गेली.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगून झाली की शेवटी विनवणी करतात, आम्हाला जपा, आमची काळजी घ्या. मी तसं म्हणणार नाही. मला फार जपलं हो. इतकं जपलं की माझ्या कळांवर तेव्हा उरलेली अक्षरं अजून तशीच आहेत, आणि ज्यांनी त्या कळा झिजवायच्या ती मुलं कुठल्या कुठं गेली. तुमच्या शाळेत एखादं यंत्र असेल, आणि कोणी मागं उभं राहून बरोबर सांगत असेल, तर बाकावरून उठा आणि तिला बसू द्या. ती जोरात मारायला लागली तर मारू द्या. तुम्हाला तोंड आहे, ते उघडा. यंत्र मोडलं तर मोडू द्या, आमच्या पोटातले भाग बदलता येतात.